परीक्षकाच्या कागदावरचा रिकामा रकाना

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत शाळांची वादविवाद स्पर्धा असली, की परीक्षकांच्या टेबलावर दर वेळी निवृत्त प्राध्यापक किंवा वकीलच दिसतील असं आता राहिलेलं नाही. काल-परवापर्यंत स्वतः स्पर्धेत बोलणारी, सध्या कॉलेजात शिकणारी मुलंमुलीही तिथे बसतात. मी त्यांच्यातलीच एक. व्यासपीठावरून मुलं मला ‘परीक्षक महोदया’ म्हणतात आणि निकाल लागल्यावर जिन्यात गाठून विचारतात, “ताई, आमचं कुठे कमी पडलं?” हा प्रश्न फेरी संपल्यावर येतो, तेव्हा त्याचा उपयोग थोडाच. म्हणून आज उत्तर आधीच देऊन ठेवते.

अमेरिकेतल्या शालेय वादविवादात बरेच परीक्षक आपल्या अपेक्षा स्पर्धेआधी लिहून जाहीर करतात. त्याला पॅराडाइम म्हणतात. भरभर बोललेलं चालेल का, कसले युक्तिवाद पटतात, कशामुळे गुण जातात, हे सगळं त्यात असतं आणि मुलं ते वाचून येतात. आपल्याकडे मुलांना फार तर गुणतक्ता कळतो: विषयाची समज, मांडणी, भाषा, खंडन. यातलं ‘मांडणी’ म्हणजे समोर बसलेल्या परीक्षकाच्या लेखी नेमकं काय, हे त्यांनी कसं ओळखावं?

माझ्यापुरतं सांगते. माझ्यासमोर एक मोठा आडवा कागद असतो. प्रत्येक वक्त्याला एक रकाना. अनुकूल बाजू निळ्या पेनने, प्रतिकूल लाल. एखादा मुद्दा आला की तो रकान्यात उतरतो. समोरच्याने त्याला उत्तर दिलं की ते शेजारच्या रकान्यात, त्याच ओळीत, मध्ये बाण काढून. फेरी संपते तेव्हा टाळ्या विरलेल्या असतात आणि माझ्या हातात हा कागद असतो. निकाल मी त्याच्यावरून लावते.

आता पाच मिनिटांच्या भाषणात पहिलं मिनिट कसं जातं ते पाहा. व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजनवर्ग, परीक्षक, वेळाधिकारी, बंधुभगिनी. मग चार ओळींची कविता. मग एखाद्या थोर माणसाचं वचन, जे त्यांनी खरंच उच्चारलं होतं की नाही देव जाणे. एवढं होईपर्यंत माझं पेन हवेतच असतं. वक्तृत्व स्पर्धेत याला जागा आहे. तिथे तुम्ही एकटे असता, सभा जिंकायची असते. वादविवादात तुमच्यासमोर तितकाच हुशार मुलगा उभा असतो आणि त्याने तुमची कविता खोडून काढण्याची काही गरज नसते.

एक विषय घेऊ. आपल्याच अंगणातला: ‘ठाणे खाडीलगतच्या पाणथळ जागांवर बांधकामाला पूर्ण बंदी हवी.’ अनुकूल बाजूची मुलगी म्हणते, “फ्लेमिंगो आपल्या शहराची शान आहेत, ते वाचलेच पाहिजेत.” मी लिहिते: शान. पुढे काय लिहू? दुसरी म्हणते, “ही खाडी रामसर स्थळ आहे.” बरोबर आहे. 2015 मध्ये खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. इराणमधल्या रामसर शहरात 1971 साली पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव. पण हे मला माहीत असून भागत नाही. वक्त्याने ‘रामसर’ एवढाच शब्द फेकला आणि त्याचा बांधकामाशी संबंध जोडला नाही, तर तो मी माझ्या डोक्यातल्या माहितीने जोडायचा नसतो. जोडला तर ती मुलगी जिंकणार नाही, मी जिंकेन.

तिसरा मुलगा असा बोलतो: “ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तिथे हे पक्षी खातात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा त्यांना टेकायला जवळपास उथळ पाणी लागतं. सीवूड्सकडच्या तळ्यांवर ते येतात ते त्यासाठी. ही तळी बुजवली तर अभयारण्य कागदावर राहील, पक्षी राहणार नाहीत.” आवाज बेताचा, हातवारे नाहीत. पण माझा निळा रकाना भरतो, कारण त्याने कसं, का आणि मग काय, तिन्ही सांगितलं.

याला खरं उत्तरही आहे, आणि मला ते ऐकायचं असतं. प्रतिकूल बाजूने “मग माणसांनी राहायचं कुठे?” असा टाहो फोडला तर ते उत्तर झालं नाही. पण एखादी म्हणाली, “मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्येच कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आहे, भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातही बांधकाम करता येत नाही, मग सरसकट बंदीचा नवा कायदा कशाला?” तर लाल पेन चालू लागतं. आणि मग अनुकूल बाजूचा पुढचा वक्ता उठून म्हणाला, “ते संरक्षण कांदळवनांना आहे, आम्ही बोलतोय ते उघड्या तळ्यांबद्दल,” तर अशा फेरीसाठी मी रविवारची झोप सोडून ट्रान्स हार्बरची लोकल पकडायला कधीही तयार आहे.

याउलट बहुतेक फेऱ्यांत घडतं ते वेगळंच. एक बाजू चार मुद्दे मांडते, दुसरी बाजू उठून स्वतःचे पाठ केलेले चार मुद्दे म्हणते. दोन्ही भाषणं एकमेकांना न भेटता शेजारून निघून जातात. कागदावर बाण एकही नाही. मुलांना वाटतं, समोरच्याचा कठीण मुद्दा टाळला तर परीक्षक विसरतील. मी कशी विसरेन? त्याच्यासमोरचा रकाना रिकामा दिसतो. उत्तर न मिळालेला मुद्दा मी मान्य झाला असंच धरते, मग तो मला स्वतःला पटो न पटो. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती: समोरच्याचं म्हणणं त्यालाही कबूल होईल इतक्या प्रामाणिकपणे सांगायचं आणि मग खोडायचं. नववीतल्या मुलांनी एवढं एक केलं तरी फेरीचा दर्जा बदलतो.

शेवटच्या भाषणात नवा मुद्दा काढू नका. संसदीय पद्धतीच्या बऱ्याच स्पर्धांत बाजूला तीन-तीन वक्ते असतात आणि अखेरीस एक छोटं समारोपाचं भाषण असतं. तिथे काढलेल्या नव्या मुद्द्याला उत्तर द्यायला समोर कुणी उरलेलं नसतं, म्हणून मी तो लिहीतच नाही. त्या मिनिटांत मला तुलना हवी असते. त्यांचा हा मुद्दा खरा मानला तरी आमचा जास्त वजनाचा का, हे तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर ते मला ठरवावं लागतं आणि ते तुमच्या सोयीचं निघेलच असं नाही.

“एका सर्वेक्षणानुसार” हे दोन शब्द ऐकले की मी थांबते. कुणाचं, कधीचं, किती लोकांचं? एवढं माहीत नसेल तर आकडा सोडून द्या, तर्क करा. स्वतः पाहिलेलं सांगितलं तरी मला चालतं. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातला एखादा मुलगा “माझ्या आजोबांच्या जाळ्यात आता पूर्वीइतकी मासळी येत नाही” म्हणाला, तर ते उदाहरण म्हणून मी लिहिते. सगळ्या खाडीचा पुरावा म्हणून मात्र ते एकटं पुरत नाही, हेही त्याने ओळखावं.

आणि हो, भाषा. या मुलांच्या बोलण्यात आगरी-कोळी हेल असतो आणि काही परीक्षक ‘शुद्ध’ बोलत नाही म्हणून त्यांचे गुण कापतात. मला हे अजिबात मान्य नाही. भाषेचे गुण स्पष्ट कळण्यासाठी आहेत. आकाशवाणीवरून हे बोलताना माझंही व्याकरण कुणी तपासत बसलं तर चार जागा सापडतील. गुण मी कापते ते दुसऱ्या गोष्टीसाठी: “माझ्या प्रतिस्पर्धी मैत्रिणीला एवढंही ठाऊक नाही” असलं काही कानावर आलं की. मैत्रिणीचा मुद्दा खोडा, मैत्रिणीला सोडा.

शिक्षकांसाठी एक विनंती. बाईंनी किंवा सरांनी लिहून दिलेलं भाषण लगेच ओळखू येतं. तेरा वर्षांच्या तोंडी अग्रलेखाची वाक्यं येतात, आरोह-अवरोह सगळे ठरलेले असतात आणि समोरून पहिला प्रश्न आला की मूल गप्प होतं, कारण त्या वाक्यामागचा विचार त्याच्याकडे नसतो. त्यापेक्षा मुलांना दोन्ही बाजू तयार करायला लावा आणि कोण कुठल्या बाजूने बोलणार हे आदल्या दिवशी चिठ्ठी टाकून ठरवा. भाषण थोडं खडबडीत होईल. होऊ द्या.

निकालानंतर मला जरूर भेटा. पण “किती गुणांनी गेलं?” हे विचारू नका, “कुठल्या मुद्द्यावर फेरी फिरली?” हे विचारा. कागद माझ्याकडे असतोच, मी समोर ठेवून दाखवते. फक्त विचारायला स्पर्धकाने स्वतः यावं. मागच्या रांगेत बसून ओठांच्या हालचालींनी अख्खं भाषण म्हणणारे आईबाबा त्या वेळी दाराबाहेर थांबले, तर आम्हां दोघांचंही बोलणं नीट होतं.

नमस्कार.