अठरा फुटांची लाकडी भिंत उभी करताना

(पडद्यावर: लाकडी फ्लोअर, त्यावर आडवी पडलेली भिंत, कडेला क्रूची माणसं कॉफी संपवतायत)

ही जी फ्लोअरवर आडवी पडलेली दिसतेय ना, ती भिंत आहे. लांबी २० फूट, उंची १८ फूट, वजन धरा साडेपाचशे ते सहाशे किलो, आणि दुपारच्या आत ती उभी राहणार आहे. आपण आहोत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पूर्वेला, कॅस्केडच्या डोंगरांच्या पायथ्याशी. बेलव्ह्यू, रेडमंडला नोकरी करणारी कितीतरी मराठी कुटुंबं या भागात घरं घेतात, आणि तिकडून आईबाबा आले की भिंतीवर बोटाने टकटक करून हमखास विचारतात, अरे ही पोकळ कशी काय? पोकळ आहेच. पण ही पोकळ भिंत काय काय सोसायला बनवलेली असते आणि ती उभी करण्यामागे किती विचार असतो हे बघितल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा व्हिडिओ.

आधी साधी भिंत समजून घेऊ. खाली एक आडवी फळी, तिला बॉटम प्लेट म्हणतात, वरती दोन, त्या टॉप प्लेट, आणि मधे उभे स्टड, दर १६ इंचावर एक. १६ च का, तर प्लायवूड किंवा ओएसबीची (लाकडाचे चपटे तुकडे गोंदाने दाबून केलेली) शीट ४ फूट रुंद असते म्हणजे ४८ इंच, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, त्यामुळे शीटची कड बरोब्बर स्टडच्या मधोमध येते आणि तिथे खिळे ठोकता येतात. इथल्या मेजरिंग टेपवर दर १६ इंचाला वेगळी खूणच छापलेली असते. आणि ज्याला टू बाय सिक्स म्हणतात ते लाकूड २ बाय ६ नसतंच, वाळवून रंधून ते उरतं दीड बाय साडेपाच इंच, तसंच टू बाय फोर म्हणजे दीड बाय साडेतीन. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

(पडद्यावर: जुने फोटो, शिकागो)

ही बारीक लाकडांची पद्धत आली कुठून? पुण्याचे जुने वाडे आठवा, जाडजूड सागवानी खांब, त्यावर तुळया, दोन खांबांमधला तो खण, म्हणजे लाकडं मोजकीच पण प्रत्येक दणकट. अमेरिकेतही पूर्वी साधारण असंच होतं, मोठे खांब, खाचा पाडून एकात एक बसवलेले सांधे, आणि ते सांगाडे उभे करायला अख्खा गाव जमायचा. मग १८३० च्या दशकात शिकागोमध्ये वेगळंच सुरू झालं, जॉर्ज स्नो आणि ऑगस्टिन टेलर या दोघांची नावं त्यासाठी घेतली जातात. सॉ मिलमधून एकसारखी बारीक लाकडं निघायला लागली होती, मशीनवर बनलेले खिळे स्वस्त झाले होते, त्यामुळे जाड खांबांची आणि कुशल सुताराच्या सांध्यांची गरजच उरली नाही, भरपूर बारीक लाकडं आणि भरपूर खिळे. याला बलून फ्रेमिंग म्हणायला लागले. त्यात स्टड खालच्या पायापासून थेट छपरापर्यंत एकसंध असायचा, दोन मजले असले तरी तोच एक स्टड.

पुढे ती पद्धत मागे पडली. कारणं दोन. एवढं लांब सरळ लाकूड मिळेना आणि परवडेना, आणि दोन स्टडमधली ती पोकळी खालपासून वरपर्यंत सलग असल्यामुळे आग लागली की ज्वाळा धुराड्यासारख्या भिंतीच्या आतूनच वर चढायच्या, तळघरातली आग बघता बघता माळ्यावर. मग आली प्लॅटफॉर्म पद्धत, एक मजला बांधा, त्यावर फ्लोअर टाका, त्या फ्लोअरवर पुढच्या मजल्याच्या भिंती उभ्या करा. आज इथली जवळपास सगळी घरं अशीच बांधतात. भिंत आठ-नऊ फुटांची, चार-पाच जण एक-दोन-तीन म्हणून उचलतात, उभी करतात, झालं.

पण लोकांना आता ग्रेट रूम हवी असते. म्हणजे हॉलची उंची थेट दोन मजल्यांची, मागच्या भिंतीत वरपर्यंत काचा, बाहेर झाडं आणि डोंगर दिसायला हवेत. आणि तिथे मधे फ्लोअर नाहीच, मग प्लॅटफॉर्म पद्धत चालणार कशी? काही जण नऊ फुटी भिंत करून तिच्या डोक्यावर दुसरी तेवढीच भिंत बसवतात, आणि हीच सगळ्यात मोठी चूक. वर-खाली भार टाकला तर ती उभी राहील, प्रश्न त्याचा नाहीये. प्रश्न वाऱ्याचा आहे. बाहेरून वारा दाबतो तेव्हा दोन भिंतींचा जो जोड आहे तिथे बिजागरी तयार होते, भिंत बरोबर त्या रेषेवर आत-बाहेर हलायला लागते. नेहमीच्या घरात त्या रेषेवर पलीकडून फ्लोअर टेकलेला असतो, तो जोर घेतो. इथे पलीकडे नुसती हवा. आणि या भागात वारा म्हणजे काय ते १२ ऑक्टोबर १९६२ च्या कोलंबस डे वादळाने सगळ्या पॅसिफिक नॉर्थवेस्टला दाखवलंय.

म्हणून उंच भिंतीत स्टड एकसंध लागतो, खालपासून वरपर्यंत. मागे पडलेली बलूनची पद्धत इथे परत येते, फक्त आता मधे मधे आडवे ब्लॉक ठोकून ती आगीची वाट बंद करतात.

आता थोडं गणित, कंटाळू नका कारण पूर्ण विषय यातच आहे. नऊ फुटी भिंत अठरा फुटी केली, म्हणजे उंची दुप्पट. वाऱ्याचा दाब तेवढाच धरला तरी स्टडला वाकवणारा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. आणि स्टड प्रत्यक्षात किती वाकेल ते वाढतं उंचीच्या चौथ्या घाताने. दोनाचा चौथा घात सोळा. सोळा पट! मग टू बाय फोरच्या जागी टू बाय सिक्स घेतलं तर? लाकडाचा ताठपणा त्याच्या रुंद बाजूच्या मापाच्या घनाने वाढतो, ते माप साडेतीन वरून साडेपाचवर गेलं की जवळजवळ चौपट होतो. म्हणजे सोळा भागिले चार, अजूनही ही भिंत नऊ फुटी टू बाय फोर भिंतीच्या चौपट वाकणार. भिंत पडणार नाही कदाचित, पण ड्रायवॉलला, म्हणजे आतून लावलेल्या जिप्समच्या शीटना, तडे जातील, काचेच्या कडांना पाणी शिरेल, वादळात घरात बसलेल्या माणसाला ती हललेली जाणवेल. म्हणून मग स्टड १६ ऐवजी १२ इंचावर घ्या, जोडीने घ्या, किंवा लाकडाचे पापुद्रे, पट्ट्या गोंदाने दाबून बनवलेले एलव्हीएल, एलएसएलचे स्टड घ्या. कोडच्या, म्हणजे बांधकामाच्या नियमांच्या, पुस्तकातले तयार तक्ते साधारण दहा-बारा फुटांपर्यंत साथ देतात, त्यापुढे इंजिनिअरचा शिक्का लागतो आणि तो लागायलाच हवा.

(पडद्यावर: लाकडाचा ढीग, एक जण स्टड डोळ्यासमोर धरून बघतोय)

हा काय करतोय बघा. स्टडच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघतोय, बाक कुठल्या बाजूला आहे ते. डग्लस फर या भागातलंच झाड, चांगलं ताकदीचं लाकूड, पण १८ फूट लांब म्हटलं की कुठे ना कुठे बाक असतो, कधी पीळ असतो. थोडा बाक चालतो पण सगळ्यांचे बाक एकाच दिशेला यायला पाहिजेत, एक आत एक बाहेर असं झालं तर भिंत लाटा मारते आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं की ते लपत नाही. पीळ असलेलं सरळ बाजूला काढायचं, त्याचे ब्लॉक करायचे, त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. एलएसएल महाग पडतं, वजनालाही जास्त, पण ते वर्षानुवर्षं सरळ राहतं, आणि मोठ्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना तरी तेच वापरावं असं माझं ठाम मत आहे. कारण बघा, खिडकीसाठी मधले चार-पाच स्टड आपण तोडले, पण त्यांच्या वाट्याचा वारा कुठे गेला? काचेवर वारा तेवढाच आपटणार, आणि तो सगळा जोर जाणार खिडकीच्या शेजारच्या किंग स्टडवर. म्हणून ते जोडीने, तिहेरी लावतात. लोक खिडकीवरच्या हेडरची, म्हणजे आडव्या तुळईची, काळजी करतात, पण उंच भिंतीत खरी काळजी या बाजूच्या स्टडची.

दुसरी गोष्ट भूकंप. २८ फेब्रुवारी २००१ ला इथे निस्क्वालीचा ६.८ चा भूकंप झाला होता. भूकंपात भिंत एका बाजूला तिरकी होऊ नये म्हणून तिच्यावर ठोकलेली ओएसबी कामाला येते, कडांना दर ६ इंचाला खिळा, मधे १२ इंचाला, इंजिनिअरने सांगितलं तर त्याहून जवळ. पण त्या कामासाठी धरायचा सलग भिंतीचा पट्टा फार अरुंद चालत नाही, उंची रुंदीच्या साडेतीन पटीपेक्षा जास्त नको, म्हणजे १८ फूट उंच असेल तर खिडकीशेजारी पाच फुटांच्या वर सलग भिंत पाहिजे. आर्किटेक्टला काच हवी, इंजिनिअरला भिंत, आणि बऱ्याच घरांत हा वाद शेवटी लोखंडी फ्रेम टाकूनच मिटतो. टोकांना होल्डडाऊन नावाचे पोलादी ब्रॅकेट लागतात, ते भिंतीला खालच्या काँक्रीटशी बांधून ठेवतात.

बरं, भिंत आडवी असतानाच सगळं करून घ्यायचं. आधी फ्लोअरवर सूत मारायचं, बॉटम प्लेट त्या रेषेवर तिरक्या खिळ्यांनी हलकी पक्की करायची, मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे आले की भिंत गुण्यात. अर्धा इंच फरक असेल तर वरच्या कोपऱ्याला हातोडा मारत मारत आणायची, आणि मगच शीट ठोकायच्या, कारण एकदा शीट बसली की ती भिंत जशी आहे तशी कायमची. नऊ फुटी भिंतीत थोडं डावं-उजवं खपून जातं. इथे नाही.

(पडद्यावर: वॉल जॅक लावतायत)

आता उचलणं. तुम्ही कधी लांब शिडी उभी केली असेल तर माहितीये, एक टोक वर घेतलं की आपण खाली शिरतो आणि हात एकेक पायरी पुढे सरकवत चालत जातो, आणि मधेच ती अचानक जड होते. इथे तेच, पण सहाशे किलोंचं. सुरुवातीला वरचं टोक उचलायला निम्मं वजन, तीनशे किलो. माणसाचा हात पोचतो साडेसहा फुटांपर्यंत. भिंत ४५ अंशावर आली की तुमचा हात अठरापैकी साधारण नवव्या फुटावर असतो, आणि तरफेचं साधं गणित केलं तर त्या क्षणी जोर लागतो चारशे किलोच्या वर. नऊ फुटी भिंत जसजशी वर जाते तशी हलकी होते, अठरा फुटी अर्ध्या वाटेत जड होते, आणि तेव्हा अख्खा क्रू तिच्या खाली असतो. सोडून पळता येत नाही. माणसं वाढवली तरी उपयोग थोडाच, कारण मधल्या उंचीवर एका रांगेत मावतात तेवढीच.

म्हणून हाताने उचलायचीच नाही. क्रेन किंवा टेलिहँडलर (लांब होणाऱ्या हाताचं उचलायचं यंत्र) नसेल तर वॉल जॅक. लोखंडी खांब, त्यावरून पोलादी दोर, खाली दोर गुंडाळणारी, हाताने फिरवायची विंच. दोन टोकांना दोन जॅक, दोन माणसं, एकमेकांकडे बघत सारख्याच वेगाने हँडल फिरवणार, कारण एक बाजू पुढे गेली तर भिंत पिळवटते. बाकीचे लांब उभे. क्रूमधले बहुतेक जण स्पॅनिश बोलणारे आहेत, आवाज येतोय तो "दालेऽ, दालेऽ", म्हणजे चला, चला.

उचलायच्या आधी तीन गोष्टी झालेल्या असतात, नीट बघा. बॉटम प्लेटखालून लोखंडी पट्ट्या फ्लोअरला ठोकल्यात, त्या वाकतात आणि बिजागरीचं काम करतात, म्हणजे भिंत पायाशी सरकणार नाही. फ्लोअरच्या बाहेरच्या कडेला लाकडाचे अडसर ठोकलेत, पट्टी तुटलीच तर भिंत बाहेर घसरून जाऊ नये. आणि टॉप प्लेटला पट्टे बांधून त्यांचं दुसरं टोक आत फ्लोअरला अडकवलंय, कारण भिंत उभी झाली की तिचा तोल पलीकडे जायला एवढासा धक्का पुरतो, आणि ओएसबी ठोकलेली ३६० चौरस फुटांची भिंत वाऱ्यात शिडासारखी वागते. वारा असेल तर त्या दिवशी उचलायची नाही. इथे कुणाच्या घाईला किंमत देऊ नये.

(पडद्यावर: भिंत उभी होते, दोन जण ब्रेस ठोकतात)

उभी झाली. सगळे जण ब्रेसकडे धावले, म्हणजे तिरके टेकू, एक टोक भिंतीत उंचावर, दुसरं फ्लोअरखालच्या जॉइस्टमध्ये, म्हणजे आडव्या तुळईत, ठोकलेलं. नुसत्या प्लायवूडमध्ये ठोकलेला खिळा उपटून येतो. आता भिंत ओळंब्यात आणायची, आणि इथे दोन फुटी लेव्हल चालत नाही, दोन फुटांत एक सूत चूक म्हणजे अठरा फुटांत नऊ सूत, इंचाच्या वर. म्हणून लेसर, नाहीतर सरळ लांब ओळंबा सोडायचा, वारा नसेल तर तोच सगळ्यात खरा. मग वर टॉप प्लेटला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून बघायचं भिंत मधे पोट काढतेय का, आणि एकेक ब्रेस ढिला करून, ढकलून, परत ठोकून ती सरळ आणायची. उचलायला वीस मिनिटं लागली असतील, हे सरळ करणं तासभर चालतं आणि कुणी कंटाळत नाही.

हे ब्रेस आता असेच राहणार. आजूबाजूच्या भिंती जोडल्या, वर कैच्या बसल्या, छपराची शीट ठोकून झाली की मगच काढायचे, कारण तोपर्यंत या भिंतीला वरून धरणारं दुसरं काहीच नाही. कुणाला वाटेत अडचण होतेय म्हणून एखादा ब्रेस काढायचा असेल तर आधी शेजारी दुसरा ठोकायचा. तिकडे बघा, जॅक सोडवून झालेत, फ्लोअर झाडून घेतलाय आणि दोघं जण बाजूच्या भिंतीचं सूत मारायला बसलेत.