हलला कोण? पट आणि कबड्डीचे फोटो काढणाऱ्यांसाठी

(ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावी, शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, आदल्या संध्याकाळी झालेल्या बोलण्याचं शब्दांकन. थोडी काटछाट केली आहे.)

मंडळी, आज रात्री कबड्डी आहे आणि उद्या सकाळी पट, म्हणून मी फार लांबण लावत नाही. मला चिठ्ठीत विषय आला होता 'क्रीडा छायाचित्रण'. शब्द फार भारी आहे. मी लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा माणूस. धानाची मळणी आटोपली की दोन-तीन महिने पट आणि कबड्डीच्या मागे फिरतो. तेव्हा एवढंच बोलतो, की आपले फोटो हलतात कशाने, आणि हलू नयेत म्हणून कॅमेऱ्यात काय करायचं.

आधी माझी फजिती सांगतो. २०११ सालच्या हिवाळ्यात एका पटात पहिल्या आलेल्या जोडीच्या मालकाने मला मोठा फोटो सांगितला. वीस बाय तीस इंची, फ्रेम करून, ओसरीत लावायला. मी कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर फोटो दाखवला, माणूस खूश, मीही खूश. प्रिंट आली आणि माझे हातपाय गळाले. बैलाचं तोंड असं दिसत होतं जसं कोणी ओल्या रंगावरून बोट फिरवलं. मालक बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काहून गा भाऊ, बैलाले हिव भरलं होतं काय?"

मी पैसे घेतले नाहीत. घरी येऊन फाइल उघडली. फायनल दिवस कलल्यावर झाली होती, कॅमेरा ऑटोवर होता आणि त्याने शटर धरलं होतं १/१२५, म्हणजे उजेड आत घेणारा पडदा सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागापुरता उघडा. लग्नाच्या मंडपात हे शटर चालतं, कारण नवरदेव काही धावत नाही.

आता जरा हिशेब करू. शाळेतलंच गणित आहे. जोडी ताशी ४० किलोमीटरने सुटली असं धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. १/१२५ सेकंदात बैल जवळजवळ ९ सेंटीमीटर पुढे गेला. शटर उघडं असताना. आता तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ६००० ठिपके, आणि फ्रेममध्ये बैलजोडी, छकडा (हलकी गाडी), धुरकरी (ती हाकणारा) मिळून ६ मीटरची रुंदी आली. एक ठिपका म्हणजे एक मिलिमीटर. ९ सेंटीमीटर म्हणजे ९० ठिपके. बैलाचा डोळा ९० ठिपके ओढला गेला, मग त्याला डोळा कोण म्हणेल? हेच शटर १/१००० वर नेलं तर ११ ठिपके, १/२००० वर साडेपाच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो लहान होतो, तिथे ११ ठिपक्यांचे तीनच उरतात आणि कोणाला कळत नाही. पण ओसरीतल्या भिंतीवर कळतं. फोटो कुठे जाणार हे आधी ठरवा असं मी म्हणतो ते यासाठी.

हा हिशेब बैल समोरून आडवा जात असेल तेव्हाचा. तो तुमच्या अंगावर येत असेल तर फ्रेममध्ये त्याची जागा फार कमी बदलते, तिथे १/५०० वरही बरा फोटो येतो. अर्थात पटात अंगावर येणाऱ्या बैलासमोर उभं राहायचं नसतं. बाजूला, दोरीच्या बाहेर, थोडं तिरपं.

आणखी एक गंमत उद्या स्वतः पाहा. एकाच फोटोत बैलाचा जमिनीवर टेकलेला खूर अगदी लख्ख येतो आणि हवेतला खूर फाटलेला येतो. कारण टेकलेला पाय त्या क्षणी जमिनीला चिकटून उभा असतो, आणि पुढे फेकलेला पाय बैलाच्या अंगापेक्षाही जोरात चाललेला असतो. छकड्याचं चाक पाहा, खालचे आरे मोजता येतात, वरचे धुरकट. चाकाचा वरचा काठ गाडीच्या दुप्पट वेगाने जातो. म्हणून शटर ठरवताना बैल किती पळतो यापेक्षा फोटोतली सगळ्यात जोरात हलणारी वस्तू कोणती, ते पाहायचं. कबड्डीत चढाई करणारा गडी जागच्या जागी डुलत असतो, पण त्याचा हात? तो सापासारखा येतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू. माझे आकडे सांगतो, हे काही शास्त्र नाही, सवय आहे: कबड्डीला निदान १/५००, जमलं तर १/८००, धावण्याच्या शर्यतीला १/१०००, पटाला १/१६००, व्हॉलीबॉलचा स्मॅश चेंडूसकट पाहिजे तर १/२०००.

पण थांबा. फोटो हलला म्हणून लगेच शटर वाढवायला धावू नका. आपण 'हलला' हा एकच शब्द तीन वेगळ्या दुखण्यांना वापरतो. ताप आला म्हणजे मलेरियाच, तसं झालं हे. फोटो पूर्ण मोठा करा आणि त्यात न हलणारी वस्तू शोधा. खांब, दोरी, मॅटवरची रेषा. खांब लख्ख आणि खेळाडू ओढलेला, तर खेळाडू हलला, शटर वाढवा. खांबही ओढलेला, खेळाडूही ओढलेला, आणि दोघं एकाच दिशेला, तर तुमचा हात हलला. आणि मागचं गवत लख्ख, खेळाडू नुसता मऊ, ओढलेला नाही, तर कोणीच हललं नाही, फोकस चुकला. तिथे शटर १/४००० केलं तरी काही उपयोग नाही.

हाताच्या हलण्यासाठी जुना ठोकताळा आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर निदान तितक्याव्या भागावर. २०० ची लेन्स तर १/२००. आपल्यापैकी बहुतेकांकडे छोट्या सेन्सरचे कॅमेरे आहेत, तेव्हा १/३०० धरा. लेन्सवर जे स्टॅबिलायझेशन असतं ते याच दुखण्याचं औषध. मागे एक पोट्टा मला म्हणाला, "दादा, माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, तरी बैल हलला." अरे, ते यंत्र तुझा हात धरतं. बैलाची वेसण नाही धरत.

आता कबड्डीकडे येतो, कारण खरी गोची रात्री आहे.

मी कबड्डीकडे वळलो ते आवडीने नाही. ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यतींवर बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पट बंद पडले. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळेपर्यंत इकडच्या कितीतरी गावांत पटाच्या निमित्ताने होणारी नाटकंसुद्धा दुसरं निमित्त शोधत होती. मी काय करणार? लेन्स घेऊन रात्रीच्या कबड्डीला जायला लागलो. आणि पहिल्याच रात्री समजलं की दिवसा पटावर शिकलेलं इथे चालत नाही.

दोन आकडे आधी समजून घ्या: एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तर तोंड मोठं; आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ते. सकाळी दहाच्या उन्हात एफ ५.६, आयएसओ २००, शटर १/१६०० सहज मिळतं. रात्री चार खांबांवर चार दिवे. डोळ्याला वाटतं लख्ख उजेड आहे. डोळा फार खोटारडा आहे. तिथे तुमच्या नेहमीच्या झूम लेन्सवर, एफ ५.६ ला, आयएसओ ३२०० केला तरी शटर १/५० च्या आसपास रेंगाळतं. १/५० सेकंदात हात दहा सेंटीमीटर जातो. झाला फोटो.

म्हणून मी सांगतो, दुसरी मोठी झूम घेण्याआधी ५० मिलिमीटरची एफ १.८ वाली साधी लेन्स घ्या. ही त्या कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी असते. एफ ५.६ पेक्षा एफ १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे तेच १/५० चं शटर १/५०० वर गेलं, आयएसओ न वाढवता. झूम नाही, मान्य. तुम्ही पुढे सरका. मैदान तेरा बाय दहा मीटरचं आहे, शेवटच्या रेषेच्या कोपऱ्यात मांडी घालून बसा, चढाई तुमच्याकडेच येते. एक सावधगिरी: एफ १.८ ला आठ मीटरवरच्या माणसाच्या पुढेमागे मिळून जेमतेम पावणेदोन मीटरचा पट्टा नीट येतो. चढाईवाला लख्ख, मागचा पकड करणारा मऊ, असं होईल. होऊ द्या.

आणि आयएसओला भिऊ नका. इथे मी जरा भांडतो, कारण आपल्याकडे ही भीती फार पसरली आहे. "आयएसओ वाढवला की दाणे येतात." येतात. यू दे ना. दाणे आलेल्या फोटोत खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो, ओठ दिसतात. हललेल्या फोटोत माणूसच दिसत नाही. दाणे कॉम्प्युटरवर कमी करता येतात, ओढला गेलेला चेहरा नीट करता येत नाही. मी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवतो, शटर आणि अ‍ॅपर्चर माझं, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. कॅमेऱ्याला फक्त एकच गोष्ट ठरवू देतो, आणि तीही मला सगळ्यात कमी महत्त्वाची वाटते ती.

फ्लॅश? नाही. चढाईवाल्याच्या डोळ्यांत पडला तर पंच तुम्हाला उठवतील आणि बरोबर उठवतील. पटात तर नाहीच नाही, बैल बुजला तर धुरकऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

दिव्यांचा आणखी एक त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, १/१००० च्या शटरला दिसतं. सलग दहा फोटो काढले तर दोन उजळ, तीन काळपट, एकाच्या अर्ध्यावर पिवळा पट्टा. पोरांना वाटतं कॅमेरा बिघडला. कॅमेरा बरा आहे. नव्या कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर नावाची सोय असते, ती चालू करा. नसेल तर जास्त फोटो काढा आणि वाईट टाकून द्या. शटर मात्र मेकॅनिकलच ठेवा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की पट्टे वाढतात, आणि कॅमेरा फोटो वरून खाली वाचत जातो म्हणून जोरात जाणारी वस्तू तिरपी होते. सरळ बॅट विळ्यासारखी दिसते.

फोकसचं थोडक्यात. सतत पाठलाग करणारा फोकस लावा. कॅननवर त्याला सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. एकच ठिपका किंवा छोटा चौकोन ठेवा, सगळी फ्रेम कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडली की तो धूळ, दोरी नाहीतर पुढे उभ्या पोलिसदादाची टोपी पकडतो. पटात मी बैलाच्या शिंगाखाली, कपाळावर ठिपका ठेवतो, कारण अंगावर पकडायला काही नसतं, नुसता पांढरा कापडासारखा रंग.

(इथे मागून एका आजोबांनी विचारलं, "आधी हे एवढे नंबर कोठं होते बाप्पा? तरी फोटो निघत होते ना?")

होते आजोबा, नंबर तेव्हाही होते. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या माणसाने पळणाऱ्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडले आणि घोडाच दोऱ्या तोडत शटर उघडत गेला. घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हा वाद होता. असतात, पण चित्रकार दाखवायचे तसे पसरलेले नाहीत, पोटाखाली गोळा झालेले. तोपर्यंत जगातल्या कोणत्याही डोळ्याला ते नीट दिसलं नव्हतं. आणि रोलच्या काळातले आमचे उस्ताद ४०० आयएसओचा रोल टाकून, ३६ फोटोंत अख्खा पट उरकायचे. त्यांची युक्ती एक होती, ती आजही चालते. क्षण ओळखायचा.

व्हॉलीबॉल खेळणारा उडी मारतो. वर जाताना त्याचा वेग कमी कमी होतो, सगळ्यात वर पोचल्यावर एक क्षण तो ना वर जातो ना खाली येतो. तिथे त्याचं अंग १/२५० वरही ठरतं. हात नाही ठरत, पण चेहरा ठरतो. कबड्डीत पकड चुकवून वरून उडी मारणाऱ्याचंही तेच. बटण मात्र तो वर पोचायच्या आधी दाबायचं. पोचलेला दिसला आणि मग दाबलं तर तुम्हाला त्याचं खाली येणं मिळेल. हे सेटिंग कोणत्याही मेन्यूत नाही, त्याला खेळ पाहावा लागतो. चांगला कबड्डीचा फोटोग्राफर मला बहुतेक वेळा आधी खेळलेला असतो असं दिसलं आहे. मी नाही खेळलो, म्हणून माझे निम्मे फोटो उशिराचे आहेत.

(पुढे बसलेल्या एका मुलीने मोबाइलचं विचारलं.)

दिवसा मोबाइल उत्तम, आणि पटाला तर बरेचदा पुरतो. रात्री नाइट मोड बंद कर. तो बरेच फोटो काढून एकमेकांवर चढवतो. देवळाच्या कळसाला चांगला, कबड्डीत एका गड्याला चार हात फुटतात. प्रो मोड असेल तर शटर १/५००, आयएसओ १६०० करून पाहा. काळोखा येईल, पण हलणार नाही. आणि बोटांनी झूम करू नकोस, पुढे जाऊन बस.

तिकडे दिव्यांची चाचणी सुरू झाली वाटतं, जनरेटरचा आवाज येतोय. पहिला सामना साडेसातला आहे. ज्यांनी कॅमेरे आणले आहेत त्यांनी आधी रिकाम्या मैदानाच्या मधल्या रेषेचा फोटो काढून मला दाखवा, मी पूर्वेच्या कोपऱ्यात बसलो असेन. रेषाच ओढलेली निघाली तर आधी तुमच्या कोपरांचं बघू.