एक लाख युरोंची वर्गणी

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकावर त्रिमितीय चित्रे आणि ॲनिमेशनपट तयार करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ब्लेंडर’ या सॉफ्टवेअरविषयी, आणि त्याहून अधिक ते वाचवणाऱ्या माणसांविषयी, आज बोलायचे आहे. त्रिमितीय चित्राची रीत थोडक्यात सांगतो. पडद्यावरच्या पोकळीत बिंदू मांडायचे, ते रेषांनी जोडून पृष्ठे तयार करायची, पृष्ठांना रंग आणि पोत द्यायचा, दिवे आणि कॅमेरा ठेवायचा आणि त्या उजेडात त्या कॅमेऱ्याला काय दिसेल, ते संगणकाकडून काढून घ्यायचे; या शेवटच्या पायरीला रेंडर करणे म्हणतात. दिवा कुठे ठेवायचा, हे मात्र माणूसच ठरवतो. अशा चित्राला ‘संगणकाने काढलेले’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. पेटीवर भैरवी वाजली तर दाद आपण वादकालाच देतो.

आता मुख्य हकिकत. ती नेदरलँड्समधली आहे आणि २००२ सालची आहे. टॉन रोझेंदाल यांच्या ॲनिमेशन स्टुडिओत स्टुडिओच्याच कामासाठी तयार झालेले हे सॉफ्टवेअर १९९८ साली एका स्वतंत्र कंपनीकडे आले. कंपनीचे नाव ‘नॉट अ नंबर’. ब्लेंडर कोणीही विनामूल्य वापरावे आणि कंपनीने त्याला जोडून इतर उत्पादने आणि सेवा विकाव्यात, असा तो बेत होता. गुंतवणूकदारांनी ४५ लाख युरो घातले, पन्नासेक माणसे कामाला लागली आणि २००० साल संपेपर्यंत नोंदणी केलेल्या वापरकर्त्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. वापरणारे वाढले, परंतु विक्री वाढली नाही. २००१ साली नव्या गुंतवणूकदारांच्या पैशावर कंपनी लहान करून पुन्हा उभी करण्यात आली, तरीही विक्री निराशाजनकच राहिली, आणि २००२ च्या आरंभी गुंतवणूकदारांनी सगळे काम थांबवले.

काम थांबणार हे दिसू लागल्यावर तिथल्या एका कलाकाराने अखेरच्या आवृत्तीत एक खोडी करून ठेवली. अशा सॉफ्टवेअरमध्ये घन, गोल, शंकू असे तयार आकार दिलेले असतात. त्यांच्या रांगेत त्याने माकडाचे एक मुंडके बसवून दिले. निरोप घेताना ठेवलेल्या त्या माकडिणीचे नाव सुझॅन.

कंपनी बंद पडली की तिचे सॉफ्टवेअर संपते, असा व्यवहाराचा शिरस्ता आहे. याचे कारण सोर्स कोड. सॉफ्टवेअर ज्या मूळ मजकुरातून तयार होते, तो मजकूर ज्याच्या मालकीचा, त्यालाच त्यात दुरुस्ती करता येते. आणि ब्लेंडरचा सोर्स कोड गुंतवणूकदारांच्या मालकीचा होता. वापरणारे हजारो होते, पण एक चूकसुद्धा दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाही नव्हता. रोझेंदाल यांनी मार्च महिन्यात नफा न कमावणारे ‘ब्लेंडर फाउंडेशन’ स्थापन केले, आणि जुलैमध्ये गुंतवणूकदारांना एका विलक्षण सौद्यासाठी राजी केले: एकरकमी एक लाख युरो द्या आणि सोर्स कोड तुमचा.

एक लाख युरो. युरोच्या नोटा आणि नाणी लोकांच्या हातात येऊन तेव्हा जेमतेम सहा-सात महिने झाले होते. ही रक्कम कोणा धनिकाकडे न मागता वापरकर्त्यांकडूनच उभी करायची, असे ठरले. १८ जुलैला आवाहन निघाले, आणि वर्गणी जमवणाऱ्या स्वयंसेवकांत बंद पडलेल्या कंपनीचे काही माजी कर्मचारीही होते. ज्या मालकांनी त्यांची नोकरी संपवली होती, त्याच मालकांच्या हाती रक्कम देण्यासाठी ही माणसे वर्गणी मागत होती, याचे मला आजही आश्चर्य वाटते. आणि वर्गणी देणाऱ्याला काय मिळणार होते? सोर्स कोड एकदा खुला झाला की तो सर्वांचा होणार होता, ज्याने छदामही दिला नाही त्याचासुद्धा. हे ठाऊक असूनही, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी आंतरजालावरच्या ओळखीच्या भरवशावर पैसे पाठवले. एक लाख युरो सात आठवड्यांत जमले. सात आठवडे, श्रोतेहो! रविवार, १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरचा सोर्स कोड जीएनयू जीपीएल या परवान्याखाली खुला झाला. या परवान्यानुसार कोणीही तो वाचावा, बदलावा आणि वाटावा. मात्र बदललेली आवृत्ती वाटायची असेल, तर तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. ४५ लाख युरोंच्या भांडवलाला जे साधले नाही, ते एक लाखाच्या वर्गणीने साधले. सुझॅन तर अजूनही आपल्या जागी आहे. नवा पोत किंवा नवी प्रकाशयोजना करून पाहायची झाली, की कलाकार पहिल्यांदा तिलाच पुढे बसवतात.

याच मंडळींनी पुढे चित्रपटही काढले. २००६ साली ॲमस्टरडॅममध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’ हा छोटा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला, तेव्हा ज्यांनी त्याची डीव्हीडी आगाऊ पैसे भरून मागवली होती, त्यांची नावे श्रेयनामावलीत होती. चित्रपटासोबत त्यातली पात्रे, देखावे आणि दिव्यांची मांडणी असलेल्या मूळ फाइलीही वाटण्यात आल्या, त्यामुळे दूरच्या विद्यार्थ्याला प्रत्येक दृश्य उकलून पाहता आले.

ब्लेंडर वापरणाऱ्यांची परस्परांना होणारी रोजची मदतही अशाच फाइलींवर चालते. नवशिक्याच्या आकृतीवर अकारण काळे डाग पडतात आणि नुसते चित्र पाहून जाणकारालाही कारण नक्की सांगता येत नाही. फाइल उघडली की कळते, की काही पृष्ठांची बाहेरची बाजू आत वळली आहे. सगळी पृष्ठे निवडून शिफ्ट आणि एन या कळा दाबल्या, की बहुतेक वेळा काम होते. उत्तर मिळताच आभारसुद्धा न मानता नाहीसे होणाऱ्यांचा मला राग येतो. काय केल्याने अडचण सुटली, एवढे एक वाक्य लिहून ठेवले तर पुढच्याचा दिवस वाचतो. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानेही ब्लेंडरचे धडे विनामूल्य उपलब्ध केले आहेत.

मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर ‘फ्लो’ या चित्रपटाला मिळाले. लॅट्वियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी त्यात पुरात सापडलेल्या एका मांजराची कथा एकही संवाद न वापरता सांगितली आहे, आणि तो चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला आहे. झिल्बालोडिस यांनी ज्या सॉफ्टवेअरवर काम केले, तेच तुमच्या घरच्या संगणकावरही उतरवून घेता येते, आणि त्यासाठी आजही एक रुपयाही मोजावा लागत नाही.

नमस्कार.