आतली लेन, बाहेरची लेन

नमस्कार मंडळी. समितीने सांगितलं, इथल्या, म्हणजे नेदरलँड्सच्या, एखाद्या खेळाडूवर बोला. फुटबॉलवर बोलायला आपल्यात रांग लागेल, म्हणून मी बर्फाकडे, स्पीड स्केटिंगकडे वळलो.

स्वेन क्रामर. हेरेनवेनचा, जन्म १९८६ चा. वडील येप क्रामर स्वतः ऑलिंपिकपर्यंत गेलेले स्केटर, म्हणजे घराणंच. ५,००० मीटरचं सुवर्ण सलग तीन ऑलिंपिकमध्ये: २०१०, २०१४, २०१८. ऑलिंपिक पदकं एकूण नऊ. शिवाय जागतिक ऑलराउंड विजेतेपद नऊ वेळा. त्यात ५०० मीटरपासून १०,००० पर्यंत चार शर्यती एकट्याने मारायच्या. टी-ट्वेंटी आणि कसोटी एकाच आठवड्यात खेळण्यासारखंच की!

पण कुठल्याही डच माणसापुढे त्याचं नाव काढा, तो २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकवर येतो.

त्याआधी एक नियम. रिंगण ४०० मीटरचं, धावणारे दोघे. आतली लेन अंतराने कमी भरते, म्हणून दर फेरीला दोघांनी लेनची अदलाबदल करायची. १०,००० मीटर म्हणजे २५ फेऱ्या. पायांत गोळे आलेले, श्वास पुरत नाही, आणि त्यात हा हिशोब. म्हणून कोच कडेला फलक घेऊन उभा असतो.

२३ फेब्रुवारी २०१०, १०,००० मीटरची शर्यत. क्रामर आरामात पुढे. आठेक फेऱ्या राहिलेल्या असताना तो बाहेरच्या लेनकडे निघाला, बरोबरच निघाला होता, आणि कोच गेरार्ड केमकर्स ओरडले, आत! ऐन वेळी त्याने पाय आत टाकला. शर्यत संपवून त्याने हात उंचावले, वेळ सर्वांत कमी होती. मग केमकर्सनी जवळ येऊन लेन चुकल्याचं सांगितलं. त्याने चष्मा काढून भिरकावला. शर्यतीतून बाद! सुवर्ण गेलं कोरियाच्या ली सुंग-हूनला.

गंमत म्हणजे, ट्यूरिनला २००६ मध्ये सांघिक शर्यतीच्या उपांत्य फेरीत लेन आखणाऱ्या बारक्या ठोकळ्यावर पाय पडून हा आपटला होता, सोबत्यालाही घेऊन. या लेनशी त्याचं मागच्या जन्मीचं काही वैर असावं.

मला खरा रस आहे तो पुढच्या गोष्टीत. त्या दिवशी तो कोचवर उघडपणे चिडला. केमकर्सनीही चूक आपलीच असल्याचं मान्य केलं. अख्खा देश त्यांच्यावर तुटून पडलेला. कोच बदलायला याहून चांगलं निमित्त कुठलं? क्रामरने बदलला नाही. पुढची चार वर्षं दोघं एकत्र राहिले आणि २०१४ ला सोचीत ५,००० चं सुवर्ण त्याच जोडीने आणलं. पराभवानंतर आधी प्रशिक्षकाला हाकलायची आपल्याला इतकी सवय झालीय, की मला हे त्याच्या नऊ पदकांहून मोठं वाटतं. वाद घालायचा असेल तर जेवताना घालू.

१०,००० चं सुवर्ण मात्र त्याला लाभलंच नाही. सोचीत रौप्य, २०१८ ला प्याँगचँगमध्ये थेट सहावा. बीजिंग २०२२ नंतर त्याने बूट उतरवले.

आणि हो, प्याँगचँगला ते सुवर्ण कुणी नेलं? टेड-यान ब्लूमेनने. जन्माने डच, पण देश सोडून कॅनडाला गेलेला आणि कॅनडासाठी धावलेला. आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांच्या सभेत यावर टाळ्या पडायला हरकत नाही.