दलदल आणि सलाईन

[काळा पडदा. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. तीन-चार वेळा.]

हा आवाज भातलावणीला उतरलेल्या कुणालाही ओळखू येईल. पण हे शेत नाही. इथे कुणी काही पेरत नाही.

[वरून दलदल. जुलै महिना. कापसाच्या बोंडांसारखी पांढरी फुलं, मधूनमधून काळं पाणी.]

हा फिनलंडमधला उत्तर ऑस्ट्रोबोथनियाचा मुलूख. हापायार्वी हे लहानसं गाव इथलंच. या देशाच्या जमिनीचा जवळपास तिसरा हिस्सा असा आहे, वर शेवाळ आणि खाली पाणी. दलदलीला फिनिश भाषेत ‘सुओ’ म्हणतात आणि देशाला ‘सुओमी’. या दोन शब्दांचं नातं सगळेच भाषातज्ज्ञ मान्य करत नाहीत. पण इथे अर्धा तास चाललं की तज्ज्ञांचं म्हणणं पटेनासं होतं.

[कॅमेरा हलतो, तिरका होतो, आकाश दिसतं.]

हा आमचा कॅमेरामन. दुसऱ्याच पावलाला मांडीपर्यंत आत गेला. शॉट मुद्दाम ठेवलाय.

आता कल्पना करा, की या चिखलात एक माणूस पळतोय. दोन्ही हातांत स्कीच्या काठ्या, पाणी कमरेला लागलेलं, तोंडावर डास. एक पाय उपसायचा, पुढे टाकायचा, तो रुतेपर्यंत दुसरा उपसायचा. पाच मिनिटं नाही, तासन्‌तास. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

नव्वदच्या दशकात फिनलंडमधल्या घराघरांत हे दृश्य टीव्हीवर पाहिलं गेलं. माणसाचं नाव मिका म्युल्युला, क्रॉस-कंट्री स्कीपटू. जन्म १२ सप्टेंबर १९६९, हापायार्वी.

[हात काठी रोवतो. जवळून. मग पाय. मग पुन्हा हात.]

क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली येणं नव्हे. तो खेळ वेगळा. इथे चढही स्वतःच चढायचा. बुटाचा पुढचा भाग स्कीला जोडलेला असतो, टाच मोकळी. स्कीला खालून मेण लावतात. ते असं लावावं लागतं, की पाय मागे रेटताना बर्फ धरेल आणि पुढे सरकताना सोडेल. दहा, तीस, पन्नास किलोमीटर. पाय, पाठ, दंड, पोट, सगळं एकाच वेळी कामाला लागतं, म्हणून शरीराला लागणारा ऑक्सिजन या खेळात इतर बहुतेक खेळांपेक्षा जास्त असतो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

उन्हाळ्यात बर्फ नसतो. मग खेळाडू चाकांच्या स्की लावून डांबरी रस्त्यावर सराव करतात, जंगलात पळतात, डोंगर चढतात. म्युल्युलाने हे सगळं केलं, आणि वर दलदल धरली. चिखल पाय ओढून धरतो, तेही सांध्यांना दणका न देता. शिवाय चिखलात लय सापडत नाही. प्रत्येक पाऊल नवं, प्रत्येक पावलाला वेगळा जोर. अशा ठिकाणी मन आधी थकतं. त्याला हवं होतं तेही हेच असावं.

[रिकामी दलदल. फुलं वाऱ्यावर. नुसता आवाज, दहा सेकंद.]

१९९४, नॉर्वेतलं लिलेहामर. पन्नास किलोमीटरमध्ये ऑलिंपिक रौप्य, तीसमध्ये कांस्य, रिलेत कांस्य. १९९७, ट्रोंडहाइम. पन्नास किलोमीटरचा जगज्जेता. आणि मग जपान.

[काळा पडदा. पांढरी अक्षरं : हाकुबा, ९ फेब्रुवारी १९९८.]

नागानो ऑलिंपिकमधल्या या शर्यतीचं चित्रण आम्हाला वापरता आलं नाही. म्हणून इथे पडदा काळा. ऐका.

तीस किलोमीटर, क्लासिक पद्धत, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून सरकायचं. बर्फ पडत होता आणि थांबत नव्हता. अशा हवेत शर्यतीचा निम्मा निकाल मेण लावणाऱ्याच्या हातात असतो. नॉर्वेचा ब्योर्न डॅली हा त्या काळचा सगळ्यांत मोठा स्कीपटू. त्याचं मेण चुकलं आणि तो विसाव्या क्रमांकावर आला. म्युल्युला मात्र ताज्या बर्फातून असा निघाला, की मागे दुसरं कुणी उरलंच नाही. दुसऱ्या आलेल्या एर्लिंग येवनेपेक्षा तो दीड मिनिटाहून जास्त पुढे होता. वेळ : १ तास ३३ मिनिटं ५५.८ सेकंद.

पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात, रामसाऊच्या जागतिक स्पर्धेत, त्याने दहा, तीस आणि पन्नास किलोमीटर, तिन्ही अंतरांची सुवर्णपदकं घेतली. दलदलीने फळ दिलं, असं लोक म्हणाले. खोटं नव्हतं ते. पूर्ण खरं मात्र नव्हतं.

[प्रयोगशाळा. काचेची नळी. गडद लाल रक्त.]

आता रक्ताकडे.

तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. ते जितकं जास्त, तितका स्नायूंना पुरवठा जास्त. काहींना हे जन्मतःच मिळतं. फिनलंडचाच एरो मॅन्तुरांता, साठच्या दशकातला तीन ऑलिंपिक सुवर्णांचा मानकरी, याच्या घराण्यात एक जनुकीय बदल होता. त्यामुळे त्याचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला वीस ग्रॅमच्याही वर असायचं. आपल्याकडे धडधाकट पुरुषाचं चौदा-पंधरा आलं की डॉक्टर खूश होतात. हा बदल शास्त्रज्ञांनी शोधून काढला तो १९९३ साली, मॅन्तुरांताच्या स्की केव्हाच भिंतीला टेकल्यावर.

ज्यांना जन्मतः मिळत नाही, त्यांनी काय करायचं? उंच जागी राहायचं, तिथल्या विरळ हवेत शरीर जास्त पेशी तयार करतं. फिनलंड सपाट देश. म्हणून त्यांनी अशी घरं बांधली, ज्यांच्या हवेत नायट्रोजन वाढवून ऑक्सिजन कमी केलेला असे. रात्री झोपायचं जणू पहाडावर, सकाळी सराव खाली. हे नियमात बसत होतं.

आणि तिसरा मार्ग : ईपीओ. मूत्रपिंडात तयार होणारं हे संप्रेरक अस्थिमज्जेला सांगतं, पेशी बनव. ऐंशीच्या दशकात ते कारखान्यात बनू लागलं. बनवलं होतं मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी, पण त्यांच्याखालोखाल त्याची वाट पाहणारे लोक स्की आणि सायकलच्या शर्यतींत होते. नव्वदच्या दशकात ते पकडणारी चाचणीच नव्हती.

म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने वेगळी युक्ती काढली. औषध सापडत नाही ना, मग रक्ताचा दाटपणा मोजा. शर्यतीआधी बोटभर रक्त, आणि हिमोग्लोबिन ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर घरी जा. पुरुषांसाठी ही मर्यादा सुरुवातीला १८.५ ग्रॅम होती, नंतर खाली आणली गेली.

दाटपणा मोजणार म्हटल्यावर माणूस काय करील? घरी ऐन वेळी पाहुणे वाढले तर आपण काय करतो?

[सलाईनची पिशवी. थेंब. जवळून. थेंब. थेंब.]

वरणात पाणी ओततो. डाळ तेवढीच, पातेलं मात्र भरलेलं.

या पिशवीत हायड्रॉक्सिएथिल स्टार्च आहे. मूळ माल म्हणजे मका. सुती साडीला घालतात त्या खळीचंच हे हॉस्पिटलमधलं भावंड समजा. अपघातात रक्त गेलेल्या माणसाला हे लावत असत. त्याचे रेणू मोठे असतात, ते रक्तवाहिनीबाहेर लवकर पडत नाहीत आणि पाणी आपल्याकडे ओढून धरतात. रक्ताचं आकारमान वाढतं. हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो, पेशी मात्र एकही कमी होत नाही. तपासणी करणारा समाधानाने मान हलवतो आणि खेळाडू आपला सगळा ऑक्सिजन घेऊन शर्यतीला उभा राहतो.

युक्तीत एकच खोट होती. ईपीओ शरीरातून लवकर निघून जातं, आणि हे स्टार्च बरेच दिवस रेंगाळतं. २००० साली ते बंदीच्या यादीत गेलं. म्हणजे शाई सापडत नव्हती, पण आता खोडरबर सापडणार होतं.

[लाहती. स्की-उडीचे तीन मनोरे. पायथ्याशी निळा जलतरण तलाव, मुलं सूर मारतायत.]

हे फिनलंडमधलं लाहती शहर. हिवाळ्यात जिथे उडी मारणारे येऊन उतरतात, तिथे उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव असतो. बर्फातलं लाहती आमच्याकडे नाही. आम्ही गेलो तेव्हा पोरं आइस्क्रीम खात होती. पण २००१ च्या फेब्रुवारीत याच जागी जागतिक स्पर्धा होती. लाहतीची ती सहावी वेळ. आपल्या अंगणातली स्पर्धा, म्हणून अख्खा देश बघत होता.

स्पर्धा चालू असतानाच फिनलंडचा स्कीपटू यारी इसोमेत्सा या स्टार्चपायी पकडला गेला. लोकांचा लाडका, हसतमुख गडी. सलाईन आपण एकट्यानेच घेतलं, असं त्याने सांगितलं.

एकट्याने. बाकीच्या संघाने पुढच्या शर्यती काढल्या. पुरुषांची रिले फिनलंडने जिंकलीसुद्धा.

[पेट्रोल पंप. रात्र. निऑनचा दिवा, ओला रस्ता. कॅमेरा सावकाश पुढे.]

आणि मग ही जागा. नेमका पंप हा नव्हे, पण असाच, हेलसिंकीच्या विमानतळाजवळचा. तिथे कुणीतरी एक बॅग विसरलं. दुसऱ्या कुणाला ती सापडली आणि पोलिसांकडे गेली. बॅग उघडली. आत सुया, सलाईनचं सामान आणि त्याच स्टार्चच्या पिशव्या. बॅगेत फिनलंडच्या स्की संघटनेचं नाव होतं. डॉक्टरची बॅग होती ती.

सुई टोचून घेणारा एक असतो आणि टोचणारा दुसरा. पिशवी किती थेंबांनी सोडायची, शर्यतीआधी किती वेळ सोडायची, कुणाचा आकडा किती आहे, याचं गणित चिखलात पळणाऱ्या माणसाने मांडलेलं नसतं. ते वहीत मांडतात, टेबलाशी बसून. मुख्य प्रशिक्षक कारी-पेका क्युरो याने पुढे जाहीरपणे कबुली दिली. पण आजही गुगलवर लाहती २००१ शोधलं, की चेहरे येतात ते खेळाडूंचे. आम्हीही या फितीत खेळाडूचाच चेहरा वापरलाय, हे कबूल करायला हवं. बॅगेला चेहरा नसतो.

[पडद्यावर एकामागून एक सहा नावं.]

यारी इसोमेत्सा. यान्ने इम्मोनेन. मिका म्युल्युला. हारी किर्वेस्निएमी. मिला याउहो. विर्पी कुइतुनेन.

चार पुरुष, दोन स्त्रिया, औषध एकच. रिलेचं सुवर्ण गेलं. दोन वर्षांची बंदी आली. प्रायोजक निघून गेले आणि संघटना कर्जात रुतली. कुइतुनेन परत आली आणि २००७ मध्ये साप्पोरोला तीन जागतिक सुवर्णं घेऊन गेली. म्युल्युलाही परतला, पण जुना म्युल्युला परतला नाही. २००५ मध्ये थांबला.

[कोक्कोला. समुद्रकाठ. लाकडी घरांची जुनी गल्ली. कुणी नाही.]

२०११ साली त्याने शपथेवर लिहून दिलं, की नव्वदच्या दशकात आपण ईपीओ घेत होतो. म्हणजे हाकुबाचं वर्षही त्याच दशकातलं. त्याच वर्षी ५ जुलैला, कोक्कोला इथल्या राहत्या घरात तो मृतावस्थेत सापडला. वय ४१.

[गल्ली तशीच. निवेदन नाही. वीस सेकंद.]

[पुन्हा दलदल. संध्याकाळ, पण ऊन अजून आहे. जुलैत इथे रात्र नावालाच होते.]

कुणी विचारेल, मग तो चिखल नाटक होता का? ईपीओचं इंजेक्शन घेतल्याने दलदलीतून कुणी आपोआप पुढे सरकत नाही. उलट जास्त पेशी असलेला माणूस जास्त वेळ चिखलात टिकतो, जास्त सराव पचवतो. म्हणजे घाम आणि सुई यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही. या फितीसाठी आम्ही तो मांडायचा प्रयत्न केला. दोन रकाने आखले. दोन्हीकडे त्याच तारखा आल्या.

[कॅमेरामन बुटातलं पाणी ओततो. मागे हसण्याचा आवाज.]

लाहतीची रिले नोंदीतून काढून टाकली आहे. तिथे विजेता म्हणून आता नॉर्वे दिसतं. नागानोच्या निकालाला कुणी हात लावलेला नाही, कबुलीनंतरही नाही. ऑलिंपिकच्या यादीत, पुरुष, तीस किलोमीटर, क्लासिक, पहिल्या ओळीत अजूनही तेच नाव आहे.

[काळा पडदा. पांढरी अक्षरं : १ : ३३ : ५५.८]

[चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. एकदा.]