एका पोराला विल्सन डिसीज निघाला की घरातल्या सगळ्यांना तपासा

नागपुरात कोणाला कावीळ झाली ना, की दवाखान्याच्या आधी सल्ले सुरू होतात. उसाचा रस प्या, तेल-हळद बंद करा, अमक्या गावात औषध देतात तिथं जाऊन या. बऱ्याचदा कावीळ उतरतेही, कारण साधी व्हायरल कावीळ आपोआपच उतरते. पण दहा-बारा वर्षांच्या पोराला ती परत परत होऊन राहिली, पोटात पाणी झालं, पाय सुजले, आणि व्हायरसच्या टेस्ट मात्र सगळ्या निगेटिव्ह, तर मग सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असो की धंतोलीतलं एखादं क्लिनिक, डॉक्टरच्या डोक्यात एक नाव यायलाच पाहिजे. विल्सन डिसीज.

अंगात, म्हणजे लिव्हरमध्ये आणि पुढं मेंदूतही, तांबं साचत जातं, हाच तो आजार. तांबं रोजच्या जेवणातूनच येतं आणि थोडंसं लागतंही, जास्तीचं लिव्हर पित्तात टाकून बाहेर काढतं. ते काम करणारा जीन, एटीपी७बी, दोन्हीकडून, म्हणजे आईकडून पण आणि बापाकडून पण बिघडलेला आला तरच आजार होतो, एकाकडूनच आला तर माणूस नुसता कॅरियर, त्याला काही होत नाही. म्हणून ‘हे तुझ्या माहेरचं’ असं सुनेला ऐकवणाऱ्या सासूबाईंनी जरा थांबावं, अर्धा वाटा त्यांच्या लेकाचा आहे. आणि इतवारीतून आणलेल्या तांब्याच्या हंड्यानं हा आजार होत नाही बरं का, पण निघाल्यावर त्या घरात हंड्यातलं पाणी बंद.

एका टेस्टवर हे ठरत नाही. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रोटीन, बघतात, ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं की संशय, १० च्या खाली तर जास्तच. डोळ्याचे डॉक्टर स्लिट लॅम्पवर बुबुळाच्या कडेची तपकिरी-हिरवट रिंग शोधतात, पण नुसत्या लिव्हरच्या पेशंटमध्ये ती निम्म्यांनाच दिसते. आणि मग लघवीतून किती तांबं जातं ते मोजायला ती २४ तासांची लघवी. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी लॅबनं दिलेल्या कॅनमध्ये. पोरगं मधेच एकदा बाथरूममध्ये जाऊन आलं की आकडा कमी येतो आणि आईवडील खुश होतात, उगाच.

आता मुद्द्याचं. पेशंट एक दिसतो, पण त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीला हाच आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. बहीण शाळेत जाऊन राहिली, खेळून राहिली, तिचं काय तपासायचं? तर तिचंच आधी तपासायचं, कारण तिचं लिव्हर अजून वाचवता येतं. पेशंटच्या जीनमधला बिघाड माहीत असेल तर तिच्या एका रक्ताच्या नमुन्यात नक्की उत्तर मिळतं, नाहीतर कॅरियरचं सेरुलोप्लाझ्मिनही थोडं कमी येतं आणि घोळ होतो.

औषध आहे, हे महत्त्वाचं. ज्यांचं नाव आजाराला आहे त्या डॉक्टर विल्सननं १९१२ मध्ये आजार लिहिला तेव्हा काहीच नव्हतं, १९५६ मध्ये डॉक्टर जॉन वॉल्शनं पेनिसिलामाइन आणलं, ते तांबं लघवीवाटे काढतं. उपाशीपोटी घ्यायचं, सोबत व्हिटॅमिन बी सिक्स. डोस हळूहळू वाढवतात, कारण मेंदूवर परिणाम झालेल्या काही पेशंटचा त्रास सुरुवातीला उलट वाढतो. झिंक आतड्यातच तांबं अडवतं, त्यामुळं त्रास नसलेल्या भावंडांना बरेचदा झिंकच देतात, फक्त दोन्ही औषधं एकाच वेळी गिळायची नाहीत. लिव्हर पूर्ण गेलं तर ट्रान्सप्लांट.

खरी पंचाईत पुढं येते. पोरगं ठणठणीत दिसतं, मग घरचे म्हणतात, बाप्पा, आता कशाला रोज गोळ्या? आणि बंद करतात. काही महिने काहीच होत नाही, आणि मग लिव्हर एकदम बसतं. जन्मभर म्हणजे जन्मभर, गरोदरपणातसुद्धा डॉक्टर डोस कमी करतात, बंद करत नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर रिपोर्टच लपवतात, लग्न जमणार नाही म्हणून. पेशंटच्या लेकराला हा आजार होण्याची शक्यता साधारण २०० मध्ये १, तेही जोडीदार नात्यातला नसेल तर. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न ठरत असेल तर मात्र समोरच्याची जीन टेस्ट आधी करून घ्या, पत्रिका नंतर.