मीटर बारा दाखवतो, ब्रेक मात्र लागत नाहीत

मंडळी, अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी काहींनी पिकअप घेतला, मागे कॅम्पर ट्रेलरही जोडला. वजन ३,००० पौंडांपुढे गेलं की इथल्या बऱ्याच राज्यांत ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आय-७० वरून डेन्व्हरकडे उतरताना मी पेडल दाबलं आणि ट्रेलर मागून रेटतच राहिला. तेव्हा पोटात गोळा आला.

पायथ्याशी थांबून ट्रेलरच्या ब्रेकना करंट नेणाऱ्या निळ्या वायरीला मीटर लावला. बारा व्होल्ट! वायरिंग ठीक आहे असं समजून मी कंट्रोलर, म्हणजे पिकअपमधून ट्रेलरच्या ब्रेकना करंट देणारी पेटी, बदलला. पैसे गेले, ब्रेक आले नाहीत.

मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. गंजलेल्या वायरीचा एखादाच तंतू शाबूत असला, तरी त्याला बारा दिसतात. पण चाकाच्या दहा-बारा इंची ब्रेक ड्रममधला, करंटवर ब्रेक लावणारा प्रत्येक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर मागतो. चार चाकांचे झाले १२. तेवढा करंट वाहायला लागला की तिथेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून तपासणी लोडवरच, म्हणजे खरा करंट वाहत असतानाच करायची.

मी जुना ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब जवळ ठेवतो. ट्रेलरचा प्लग काढायचा, पिकअपच्या सात पिनी सॉकेटमध्ये निळ्या आणि पांढऱ्या (अर्थच्या) वायरीच्या पिनांमध्ये बल्ब लावायचा आणि कुणाला तरी कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण सरकवायला सांगायचं. बल्ब लख्ख पेटला तर पिकअप निर्दोष, दोष ट्रेलरमध्ये आहे. मिणमिणला तर दोष पिकअपमध्येच शोधा.

बाहेरून बसवलेल्या कंट्रोलरच्या वायरी चारच: काळी बॅटरीकडून, पांढरी अर्थची, लाल ब्रेकलाइटच्या स्विचकडून, निळी मागे चाकांकडे. लिव्हरने ब्रेक लागतात, पण पेडलने नाही? मग आधी लाल वायर बघा.

प्लग परत जोडून ट्रेलरच्या बाजूला निळ्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावा. तो डीसी मोजणारा हवा, घरच्या वायरिंगवाला एसीचा इथे उपयोगाचा नाही. लिव्हर पूर्ण सरकवल्यावर चार ब्रेकना १२ च्या आसपास आकडा यायला हवा. ९ आला तर बहुधा एक मॅग्नेट गेला. माझा जेमतेम २ आला. पांढरी वायर फ्रेमला जिथे बोल्टने कसली होती, तिथे खाली नुसता गंज होता. घासून, नवी रिंग लावून कसली, तेव्हा ब्रेक आले. हिचच्या (ट्रेलर जोडायच्या) बॉलमधून अर्थ मिळेल यावर कधीच विसंबू नका.

खड्ड्यात गेल्यावरच कंट्रोलर शॉर्ट दाखवत असेल, तर अ‍ॅक्सलच्या नळीतून जाणारी वायर बघा. ती आतल्या आत घासून सोलते.

आणि ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याच्याच बॅटरीवर ब्रेक लावणाऱ्या स्विचची) पिन ओढून बघायची असेल तर आधी प्लग काढा. नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरून तो जळू शकतो.